एकतीस वाव

जानेवारीतला दुसरा शुक्रवार. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं.

हजर: भिंतीच्या आत माझा नवरा, हातात पन्नास मीटरची टेप. भिंतीच्या बाहेर मी, हातात वही. फोनवर म्हसळ्याहून माझी आई. गाडीच्या मागच्या सीटवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक शर्ट.

गैरहजर: तो शर्ट ज्यांचा, ते.

आधी जागा सांगते. दोह्याच्या उत्तरेला, मदिनत अश शमालच्या पुढे, समुद्राला लागून अरब कोळ्यांचं एक ओस गाव आहे. घरांच्या भिंती कमरेएवढ्या उरल्यात. गावामागे कबरस्तान, त्याला छातीएवढी दगडी भिंत आणि एक दरवाजा. आत झाड नाही, फलक नाही, कुणाचं नाव नाही. प्रत्येक कबरीच्या डोक्याशी एक दगड आणि पायाशी एक, दोन्ही जसे सापडले तसे ठेवलेले. इथला रिवाजच तो. बहुतेक कबरी त्या गावच्या लोकांच्या आणि नऊ आपल्या. आपल्या म्हणजे कोकणातून गलबतांवर येऊन इथेच राहिलेल्या पहिल्या माणसांच्या. सुतार, खलाशी, एक गलबतावरचा स्वयंपाकी. या शंभर-सव्वाशे कबरींतल्या आपल्या नऊ कुठल्या, हे सांगू शकणारा एकच माणूस होता. त्यांना सगळे तांडेलचाचा म्हणत.

तांडेल म्हणजे गलबताचा प्रमुख. चाचा गलबतावर कधी चढलेच नव्हते. ते विमानाने आले. होडीत पाय ठेवला की त्यांना मळमळायचं, त्यामुळे धक्क्यावरसुद्धा ते दोन पावलं मागे उभे राहायचे. शमालमधल्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात त्यांचं आयुष्य गेलं. जाळी, गळ, तारेचे पिंजरे, आणि दोर. दुकानात खुर्ची होती, तिच्यावर हिशेबाच्या फायली असायच्या. चाचा दोराच्या वेटोळ्यावर बसायचे. सगळ्यांवर हुकूम सोडायची सवय होती, म्हणून तांडेल.

माणसाला नावाने हाक मारायची नाही, हा त्यांचा नियम. गावाने मारायची. "ए दापोली, चाय सांग." "मंडणगड आज दिसला नाय?" केरळचा माणूस आला तरी त्याचं गाव विचारून घ्यायचे आणि पुढच्या वेळी बरोबर त्याच गावाने हाक मारायचे. त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. मी म्हसळा. माझा नवरा, त्याचं गाव महाड, म्हणून महाड. आम्ही दोघं बरोबर गेलो की म्हणायचे, "आज पुरा रायगड आला."

आणि दुसरा नियम, दोर वावात मोजायचा. दोन्ही हात पसरले की एका पंजाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत जे अंतर, तो एक वाव. आमच्या किनाऱ्यावर दोर, जाळं, पाण्याची खोली, सगळं वावातच मोजतात. दुकानात मीटरपट्टी होती, तीही फायलींच्या खुर्चीवर. चाचा दोर हातातून ओढत, हात पसरत, मोठ्याने मोजत. मुळात उंचीने कमी, त्यात लहानपणी रातांब्याच्या झाडावरून पडून डावा हात कोपरात वाकलेला राहिला होता, तो पुरा सरळ होत नसे. गिऱ्हाइकांना ते माहीत होतं.

"चाचा, आपका वाव छोटा, दाम लंबा!" एखादा ओरडायचा.

"छोटा है? तो एक और ले." चाचा शेवटी एक वाव फुकट सोडायचे. कधी दोन. माणूस बघून.

हे मी काउंटरच्या अलीकडे उभी राहून किती वेळा ऐकलं असेल. हसलेसुद्धा. त्यातून काय शिकायला हवं होतं ते मात्र तेव्हा शिकले नाही.

आमची ओळख झाली कपडे वाळत घालायच्या दोरीवरून. आम्ही मेसईदला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहतो. मी तिथल्या कारखान्यात डॉक्युमेंट कंट्रोलर आहे, म्हणजे कुठला नकाशा कितव्या आवृत्तीचा, तो कुणाकडे गेला, परत आला की नाही, हे बघणारी बाई. नवरा हमद पोर्टला क्रेनच्या देखभालीवर. एका सुट्टीत उत्तरेकडे फिरायला गेलो होतो, माझ्या यादीत "दोरी, १० मी." लिहिलेलं होतं, आणि हे दुकान दिसलं.

"कुठचा गाव?" चाचांनी वेटोळ्यावरूनच विचारलं.

"म्हसळा."

"ता सासर की म्हायेर?"

"माहेर."

"आनी आजोळ?"

"श्रीवर्धन. पण तिथे आता कुणी नाही. आईचे वडील ती पोटात असतानाच अरबस्तानात गेले. तिकडेच वारले."

"धंदा?"

"सुतार होते."

चाचा उठून उभे राहिले. हातातला दोर त्यांनी खाली ठेवला.

"तुज्या आयचा नाव पोस्टानं आला ना?"

ही गोष्ट आमच्या घराबाहेर कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. आईचा जन्म झाल्याचं पत्र नानांना, म्हणजे तिच्या वडिलांना, इथे मिळालं होतं. त्यांनी उलट टपाली फक्त नाव लिहून पाठवलं. त्यानंतर आलेलं पत्र दुसऱ्याच्या अक्षरातलं होतं, नाना गेल्याचं. आई अजूनही सांगते, माझा बाप मला बघायला आला नाही, माझं नाव तेवढं आलं.

ते दुसरं पत्र लिहिणारा हर्णैचा सुतार होता. चाचांच्या आधी तोच या दुकानात बसायचा. तो म्हातारा होऊन गावी परत गेला तेव्हा जाण्याआधी चाचांना कबरस्तानात घेऊन गेला आणि नऊ जणांची ओळख करून दिली. एकेकाजवळ उभं राहून, गाव, धंदा, घरी कोण होतं ते सांगत. तेव्हापासून दर शुक्रवारी पहाटे फजरची नमाज झाली की चाचा तिथे जात. नऊ ठिकाणी थांबत, दुआ करत, वाऱ्याने सरकलेला दगड सरळ करत आणि दुकान उघडायला परत येत.

"नववा," चाचा मला म्हणाले. "दरवाज्यापास्नं एकतीस वाव. चल, दाखवतंय."

मी आत गेले नाही. इथे बायका कबरस्तानात जात नाहीत, आमच्या गावीही नाही. समोरच्या भिंतीबाहेर उभी राहिले. भिंतीवरून मला चाचांची टोपी दिसत होती. ते एका जागी थांबले आणि टोपी खाली झुकली. मी तिथूनच आईला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कोनतरी जातो ना तेच्याकडे? मग झाला."

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी आमची एक चक्कर व्हायची. चाचांची तब्येत उतरत होती. जिना चढताना थांबायला लागले होते. मला स्वस्थ बसवेना. नऊ माणसांची माहिती एका माणसाच्या डोक्यात, दुसरी प्रत नाही. आमच्या कामात याला गुन्हा म्हणतात. मी त्यांना सरळ सांगितलं, "चाचा, यादी करू या. नकाशा काढू. छोटे फलक लावू, फक्त नंबराचे."

ते एवढे रागावलेले मी कधी बघितले नव्हते.

"फलक नाय लावायचा. हे बघ म्हसळा, नऊ जणांना नाव लावलास, तर बाकीचे बिननावाचे झाले. आज सगळे सारखे हायेत. ते पन कुनाचे तरी हायेत ना?"

"मग तुमच्यानंतर काय?"

यावर ते दोराचं टोक उलगडत बसले. दोन शुक्रवार गेल्यावर त्यांचाच फोन आला. "वही घेऊन ये. लिवायचा ता वहीत. दगडावर काय नाय."

त्या सकाळी नवऱ्याची ड्युटी होती, मी कंपनीच्या ड्रायव्हरला घेऊन गेले. चाचा आत, मी बाहेर. दुकानातला नवा दोर त्यांनी दरवाज्याच्या दगडाला बांधला आणि समोरच्या भिंतीतल्या एका पांढऱ्या दगडाच्या रोखाने निघाले. आपली नऊही माणसं त्याच एका ओळीत होती, पण मधे मधे गावची माणसं, त्यामुळे अंतर कळल्याशिवाय उपयोग नव्हता. चाचा हात पसरत, मोजत, थांबत आणि ओरडत.

"लिव! पयला, चार वाव. दाभोळ. खलाशी."

"लिहिलं."

"दुसरा, सात. जयगड. ह्यो गानी गायचा, म्हनतात."

"तिसरा?"

"दम खा की जरा! ... नऊ. बाणकोट. गलबतावर जेवन करायचा. तेची मुलगी बाणकोटातच दिली."

"नाव काय त्यांचं?"

"नाव तेच्या घरी हाय. हिथं गाव पुरे."

असं करत एकतीसपर्यंत आले. "नववा. श्रीवर्धन. सुतार. पोरीचा नाव धाडला." मग थोडं थांबून, "आनी दहावा, चौतीस. रिकामा. ता माझा. मोजून ठेवलाय."

"चाचा, असं बोलू नये."

"लिव गं. यल्ला, आटप."

मी लिहिलं. भिंतीवरून मला टोपी दिसत होती, आणि हात पसरले की दोन पंजे. उजवा पंजा लांब जायचा, डावा जवळच राहायचा. प्रत्येक वावाला. हे सगळं मला दिसत होतं, आणि मी मान खाली घालून आकडे लिहीत होते. काम झाल्यावर त्यांनी दोर गुंडाळून दुकानात परत नेला. पुढच्या आठवड्यात तो विकलाही गेला.

रविवारी, इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ऑफिसात मी यादी टाईप केली. क्रमांक, गाव, धंदा, अंतर, पडताळणी. वाव हे माप कुणाला कळणार, म्हणून अंतर मीटरमध्ये केलं. एक वाव म्हणजे सहा फूट, म्हणजे एक मीटर त्र्याऐंशी. पुस्तकात तसंच असतं. दोन दशांश स्थळांपर्यंत काढलं. एक प्रत चाचांना दिली. त्यांनी ती न वाचता फायलींच्या खुर्चीवर ठेवली. पडताळणीचा कॉलम रिकामा राहिला, कारण चाचा होतेच. विचारलं की ते नेऊन उभं करायचे.

उन्हाळा संपता संपता ते गेले. दुकानातच छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत खलास. जुन्या कबरस्तानात आता दफन करत नाहीत, म्हणून दोह्याच्या मोठ्या कबरस्तानात नेलं. तिथे प्रत्येक कबरीला नंबर असतो. माझ्या नवऱ्याने खांदा दिला, माती दिली आणि मला नंबर लिहून आणून दिला. दुकानाचा मालक भला माणूस. सगळा खर्च त्याने केला आणि दुकान तीन दिवस बंद ठेवलं.

आठवड्याने आईने विचारलं, "आता कोन जातो माज्या बापाकडे?"

मी म्हटलं, "काळजी करू नको. यादी आहे."

नोव्हेंबरात आम्ही दोघं गेलो. नवरा आत, टेप घेऊन. यादीप्रमाणे नववा, छप्पन्न मीटर त्र्याहत्तर. पन्नासला टेप संपली, त्याने खूण करून परत लावली. थोड्या वेळाने भिंतीवरून त्याचं डोकं वर आलं.

"भिंत आली."

"अजून पावणेचार मीटर आहेत."

"मग मी काय करू? हे घे, तू धर." त्याने टेपचं टोक भिंतीवरून माझ्याकडे दिलं. मी ते घेऊन मागे मागे सरकले. आकडा आला तिथे गाडीच्या चाकांचा माग होता. मी रस्त्यावर उभी होते.

"नाना भिंत ओलांडून तुला भेटायला आले," नवरा म्हणाला. मग माझा चेहरा बघून टेप गुंडाळायला लागला.

मला तिथेच सगळं कळलं. पुस्तकातला वाव पुऱ्या हातांच्या पुऱ्या माणसाचा. चाचांचा वाव चाचांचा. शमालमधलं प्रत्येक गिऱ्हाईक हे ओरडून सांगत होतं. मी मोजणाऱ्या माणसाला सोडून सहा फूट घेतले होते, तेही दोन दशांश स्थळांपर्यंत. वहीत वावाचे आकडे सुरक्षित होते. पण वाव दोह्यात पुरला होता.

मग शोध. पहिला विचार आला तो विकलेल्या दोरांचा. चाचांकडून वीस वाव घेतलेला एक खलाशी सापडला, दोर त्याने अजून कापलाही नव्हता. आम्ही धक्क्यावर पसरून मोजला. वीसने भागणार, तेवढ्यात तो हसून म्हणाला, "मॅडम, बीस बोला था, दिया कितना, वो तो चाचा जाने." फुकटचा एक की दोन, कुणालाच आठवेना. त्यांच्या दिलदारपणाने हाही रस्ता बंद केला.

शेवटी त्यांच्या बायकोला फोन केला. त्या खेडजवळच्या गावात असतात. एवढ्या वर्षांत चाचा वर्षातून एक महिना घरी गेलेले. मी सगळी हकिगत सांगितली, माझी चूकही. त्या ऐकत होत्या.

"तेंचे शर्ट मीच शिवायची," त्या म्हणाल्या. "डावी बाही आखूड. बाजारातला शर्ट तेंना बसायचाच नाय. कफापास्नं कफापर्यंत मोज, मनगटापर्यंत येल."

"पण पंजे?"

"तेंचा पंजा नि माजा पंजा येकच. लग्नात हात लावून बघितलावता, सगळे हसले." मग म्हणाल्या, "शर्ट येकच ठेवलाय. शेवटच्या येळेला आले तवा आंगात होता. धुतला नाय मी."

तो शर्ट मागायचं माझ्याने होईना.

"धाडतंय," त्या म्हणाल्या. "पन परत कर हा बाय. दुसरा काय नको मना."

डिसेंबरात गावाहून येणाऱ्या एका बाईबरोबर शर्ट आला. फिकट निळा, बारीक चौकडीचा. खिशात घडी केलेला वहीचा कागद. त्यावर पेनाने, बोटांच्या कडेकडेने काढलेला एक पंजा. करंगळीपाशी रेघ थोडी हलली होती.

मी शर्ट इस्त्रीच्या टेबलावर पसरला. इस्त्री केली नाही, हाताने सुरकुत्या काढल्या. कफापासून कफापर्यंत मोजलं. दोन पंजे मिळवले. एक मीटर सेहेचाळीस. तीनदा मोजलं, तीनदा तेच. पण कापड ते कापड. कोपर नेमका किती वाकायचा, बाही ओढून धरायची की सैल, हे शर्ट सांगत नाही. वावात एक बोट चुकलं, तर एकतीस वावांत एकतीस बोटं चुकतात.

म्हणून आजचा शुक्रवार. आज टेप एकदाच पुरली. पंचेचाळीस मीटर सव्वीस. मी बाहेरून नवऱ्याची टोपी बघत होते. ती थांबली, डावीकडे वळली, उजवीकडे वळली.

"काय झालं?"

"मधे पडतंय."

"कशाच्या मधे?"

"दोन कबरींच्या. अलीकडची वीतभर, पलीकडची वीतभर. बरोबर मधे. कुठली लिहू?"

वही माझ्या हातात, पेन उघडलेलं. फोनवर आई. ती सगळं ऐकत होती.

"आई," मी म्हटलं, "दोन आहेत. यातली एक नानांची. नक्की कुठली, ते सांगता येत नाही. माझ्यामुळे."

पलीकडे तिच्या घरातला पंखा ऐकू येत होता. तिला पंचाहत्तर वर्षं उलटून गेली आहेत. या एका उत्तरासाठी ती सकाळपासून ओटीवर बसून होती.

"दुसऱ्याकडे कोन येतो काय?" तिने विचारलं.

"नाही. त्या गावात कुणी राहत नाही."

"मग दोघांना सलाम करायला सांग जावयाला. दोघांचा येकसारखा. घाई करू नको म्हनावा."

मी निरोप भिंतीवरून आत दिला. टोपी झुकली, बराच वेळ तशीच राहिली, मग दोन पावलं सरकून पुन्हा झुकली. आईने फोन ठेवला नव्हता. तिचंही काहीतरी पुटपुटणं चालू होतं. ते संपेपर्यंत मी फोन कानाला धरून उभी राहिले.

नवरा येऊन गाडीत बसला. "काय लिहिलंस?"

मी वहीत चिकटवलेली यादी दाखवली. मीटरचा कॉलम खोडलाय. त्या जागी चाचांचे वाव. नवव्यासमोर पडताळणीचा कॉलम रिकामा. दहावी ओळ, चौतीस वाव, रिकामी, ती तशीच ठेवली आहे. बाकीचे आठ मोजायचेत. ते जवळचे, त्यांच्यात चूक कमी येईल. दर महिन्याला तीन केले तर एप्रिलपर्यंत होतील, ऊन वाढायच्या आत.

आणि एक काम. माप वहीत उतरवलंय, पंजाच्या कागदाचा फोटो काढलाय, दोन ठिकाणी जपून ठेवलाय. शर्टाची आता गरज नाही. गेल्या आठवड्यात खेडचा एक माणूस गावी गेला, तो न्यायला तयार होता. मी बांधलासुद्धा. मग वाटलं, अजून एकदा मोजावं, आणि त्याला नाही म्हटलं. परवा चाचांच्या बायकोचा फोन आला होता. आईची चौकशी केली, थंडी किती आहे विचारलं. शर्टाचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.

माझ्या कामांच्या यादीत लिहिलं आहे: शर्ट परत पाठवणे, न धुता. समोर खूण करायची बाकी आहे.